शेतसाऱ्यावरील एक आणा आणि शाळेतील हिशेब

१

शाळेत मुलांना पैशाचा व्यवहार शिकवावा, ह्याबद्दल आज फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो ह्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा आणि त्या खर्चातून नेमके काय शिकवले जावे, ह्याबद्दल. ‘आर्थिक साक्षरता’ ही संज्ञा नवी असल्यामुळे हे प्रश्नही नवे असावेत, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः मुंबई इलाख्यात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्पष्टपणे उभे राहिले होते. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी पैसा घेतला गेला. त्याला हिशेब समजला पाहिजे असे सरकारी कागदांत वारंवार लिहिलेही गेले. तथापि तो पैसा ज्या शाळेवर खर्च झाला तिच्यातील हिशेब, आणि ज्या हिशेबाने शेतकरी बांधला जात होता तो हिशेब, ह्या दोहोंची भाषा व लिहिण्याची वळणे निरनिराळी राहिली. ह्या विसंगतीचा उगम व परिणाम तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शिक्षणाचे इतिहासकार ह्या काळाकडे मुख्यतः अनुदानाच्या आकड्यांच्या द्वारे पाहतात. भाषाभ्यासकाला त्याच साधनांत आणखी एक बाजू दिसते, ती येथे मांडावयाची आहे.

२

इंग्रजी अमलापूर्वी हिशेबाचे शिक्षण पंतोजीच्या शाळेत होत असे. ह्या शाळेला राज्याचा आधार नव्हता. पेशवाईत श्रावणमासातील दक्षिणेवर मोठ्या रकमा खर्च होत, परंतु त्या वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांसाठी. पंतोजीचा निर्वाह पालकांनी दिलेल्या धान्यावर व थोड्याबहुत रोख पैशावर चाले. अभ्यासक्रम मर्यादित होता. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोडी लिहावयास व वाचावयास शिकावयाचे, आणि पाढे मुखोद्गत करावयाचे. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची मालिका असे. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया आणि मण-शेरांची मापे असलेल्या बाजारात ह्या पाढ्यांवाचून कोणाचे चालणे शक्य नव्हते.

ह्या पाढ्यांचे कर्जाच्या भाषेशी असलेले नाते लक्षात घेण्याजोगे आहे. पेरणीच्या वेळी मणभर धान्य नेऊन सुगीला सव्वा मण परत करावयाचे, ही ‘सवाई’. दीड मण करावयाचे, ही ‘दिढी’. ‘वाढीदिढी’ हा जोडशब्द ह्याच व्यवहारातून आला. म्हणजे सवायकी व दिडकी म्हणणारा मुलगा केवळ गुणाकार पाठ करीत नव्हता. आपल्या गावातील धान्यकर्जाचे दरच तो उच्चारीत होता. पाढ्याचा गुणक आणि कर्जाच्या अटीचे नाव ही एकाच शब्दकुळातील होती.

ह्या शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट ह्यांनी १८२१ साली दिलेला अभिप्राय प्रसिद्ध आहे. शाळा नाही असे गाव क्वचितच आढळेल, आणि येथील साधा शेतकरी किंवा किरकोळ व्यापारी स्वतःचा हिशेब ब्रिटनमधील खालच्या वर्गापेक्षा अधिक अचूक ठेवतो, असा त्याचा आशय होता. हा अभिप्राय पुढे पुष्कळांनी पुराव्यादाखल दिला आहे. परंतु तो एका अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण अनुभवावर आधारलेला आहे, मोजणीवर नव्हे, हे विसरता कामा नये. १८२० ते १८३० ह्या दशकातील देशी शाळांविषयीचे सरकारी कागद रा. वि. परुळेकर ह्यांनी संपादित केले. त्यांवरून असे दिसते की ह्या शाळांतील विद्यार्थी बहुतांशी ब्राह्मण व व्यापारी वर्गांतील होते. मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा हिशेब शिकण्याची उत्तम पद्धती पूर्वी होती हे जितके खरे, तितकेच ती कर्ज देणाऱ्याच्या घरी अधिक आणि कर्ज घेणाऱ्याच्या घरी फारच थोडी पोचली होती, हेही खरे. इंग्रजी शाळेने एक सुवर्णयुग बुडवले असा निष्कर्ष ह्यातून काढता येणार नाही.

३

१८१३ च्या सनदेच्या कायद्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील सर्व मुलखासाठी शिक्षणाप्रीत्यर्थ वर्षाला किमान १ लाख रुपये बाजूस काढावेत असे ठरले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत शाळा व शाळापुस्तके ह्यांसाठी मंडळी स्थापन झाली, आणि तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली मराठीतून गणिताची पाठ्यपुस्तके तयार झाली. ही पुस्तके बालबोध लिपीत होती. त्यांत केवळ पाठांतर नव्हते, तर रीतीमागील कारणही दिलेले होते, हा त्यांचा मोठाच गुण होय. मात्र त्यांची परिभाषा संस्कृत गणितग्रंथ आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके ह्या दोन उगमांतून घडत गेली. सावकाराच्या चोपडीतून ती घडली नाही.

शालेय मराठीतील ‘व्यवहारी अपूर्णांक’ ही संज्ञा ह्याचे चांगले उदाहरण आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत मिश्रकव्यवहार, श्रेढीव्यवहार, क्षेत्रव्यवहार अशी प्रकरणे आहेत, आणि मुद्दल व व्याज ह्यांची उदाहरणे मिश्रकव्यवहारात येतात. तेथे ‘व्यवहार’ म्हणजे गणिती रीत. बोलीत ह्याच शब्दाचा अर्थ देवघेव. शाळेत ‘व्यवहारी’ म्हणून शिकवला गेलेला अपूर्णांक मात्र पाव, अर्धा, पाऊण एवढ्यापुरता न राहता सात तेरांश आणि अकरा सतरांश असा होता, जो कोणत्याही बाजारात भेटत नाही. शब्द व्यवहाराचा राहिला, आशय परीक्षेचा झाला.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धती आणली आणि सामान्य जनतेला तिच्या स्थितीस उपयुक्त असे ज्ञान देणे हे सरकारचे कर्तव्य मानले. १८५५ साली इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते आले. परंतु प्राथमिक शाळांच्या संख्येत खरी वाढ झाली ती १८६३ साली बसवलेल्या स्थानिक उपकरामुळे. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा हा उपकर होता. १८६९ च्या कायद्याने तो विधिवत झाला. त्यातील दोन तृतीयांश रक्कम रस्त्यांसारख्या स्थानिक कामांसाठी आणि एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवावयाची होती. ज्याचा सारा १२ रुपये, त्याने १२ आणे उपकर भरावयाचा आणि त्यातील ४ आणे शाळेकडे जावयाचे. रक्कम लहान, पण ती साऱ्याबरोबर वसूल होत असल्यामुळे चुकवण्यास वाव नव्हता. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षण बंगाल किंवा मद्रासप्रमाणे मुख्यतः खाजगी शाळांना अनुदान देऊन चालले नाही. ते खात्याच्या स्वतःच्या शाळांतून चालले, आणि त्या शाळांच्या पायाशी शेतकऱ्याचे हे चार आणे होते. त्याचे मूल शाळेत असो वा नसो, हा भाग त्याला द्यावाच लागे.

४

ज्या वर्षांत हा उपकर स्थिरावला त्याच वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्ज वाढत गेले. त्यामागे कापसाच्या भावातील चढउतार, साऱ्याची फेरआकारणी अशी अनेक कारणे होती. येथे फक्त कागदाशी संबंधित असलेले कारण पाहू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षे ठरली. जुन्या कर्जावरून शेतकऱ्याला त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू. परंतु दावा बुडू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी खत नवे करून घेऊ लागला, आणि नव्या खतात थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाऊ लागले.

उदाहरणादाखल १०० रुपयांचे खत, व्याज दरमहा दर शेकडा २ रुपये असे धरू. तीन वर्षांत ७२ रुपये व्याज होते आणि नवे खत १७२ रुपयांचे लिहिले जाते. आणखी तीन वर्षांनी मागणी सुमारे २९६ रुपयांवर जाते. सरळ व्याजाने सहा वर्षांची मागणी २४४ रुपये झाली असती. आणि परंपरागत दामदुपटीच्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नसल्यामुळे ती २०० रुपयांवर थांबावयास हवी होती. नव्या खताने कालचे व्याज आजचे मुद्दल झाले की दामदुपटीचा आधारही सुटतो. शिवाय ‘मनोती’ म्हणून काही रक्कम आधीच कापून घेतली जाई, तेव्हा खतात लिहिलेले शंभर हातात पूर्ण पडलेले नसत. ह्या सर्व व्यवहारात त्रैराशिकापलीकडचे गणित नाही. कठीण काय असेल तर धावत्या मोडीत लिहिलेला कागद वाचणे आणि ‘मुद्दल’ ह्या शब्दाखाली कोणती रक्कम मांडली आहे हे ओळखणे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ह्या दंग्यांत जमावाने मुख्यतः खते, हुकूमनामे व हिशेबाचे कागद मागितले आणि जाळले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही पण ज्याच्या बळावर आपली जमीन जाते, तो नाहीसा करणे हाच त्यावरचा उपाय, असा हा विचार होता. सरकारने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावनिबंधकाच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. ऋणकोला पैसे भरल्याची पावती, मागितल्यास दरसाल हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळाले पाहिजे, अशा तरतुदी त्यात होत्या.

शिक्षणाच्या इतिहासात ह्या कायद्याचा उल्लेख सहसा येत नाही, परंतु तो यावयास हवा. शाळेने जे काम करावयाचे होते ते करण्यासाठी सरकारने येथे नोंदणीची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. कायद्याने शेतकऱ्याच्या हाती पासबुक दिले. ते वाचणारा डोळा मात्र कायदा देऊ शकत नव्हता. आणि उपकर सुरू होऊन तोवर सोळा वर्षे झाली होती.

५

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी दिलेले निवेदन ह्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. शिक्षणाचा उपकर वसूल होत असूनही इलाख्यातील सुमारे नऊ दशांश गावांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नसल्याचे सांगितले जाते, असेही त्यांनी नमूद केले. ह्या मानाने त्यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमाकडे कमी लक्ष गेले आहे. मोडी व बालबोध ह्या दोन्ही लिप्यांचे वाचनलेखन आणि हिशेब हे त्यांनी प्रथम मांडले. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, नीती व आरोग्य ह्यांची तोंडओळख त्यानंतर. नांगराचा मुठ्या किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास न लाजणारा, शेतकरी वर्गात मिसळणारा शिक्षक त्यांना हवा होता. म्हणजे खर्च किती, ह्या प्रश्नाबरोबरच कोणत्या लिपीवर आणि कोणत्या शिक्षकावर खर्च, हे प्रश्न त्यांनी विचारले होते.

आयोगानेही १८८३ च्या अहवालात प्राथमिक परीक्षांच्या इयत्ता सोप्या कराव्यात आणि देशी पद्धतीचे अंकगणित, जमाखर्च व मोजणी ह्यांना अधिक स्थान द्यावे, अशी शिफारस केली. स्थानिक निधीवर प्राथमिक शिक्षणाचा जवळजवळ एकमेव हक्क असावा, हेही त्याने मान्य केले. पुढे १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झनच्या सरकारने खेड्यातील शाळांबद्दल जवळजवळ तेच लिहिले: पुस्तकांची भाषा सोपी असावी, गणित देशी पद्धतीचे असावे, मुलाला गावचा नकाशा व गावच्या हिशेबाचे कागद समजावेत, आणि धान्यव्यापारी व जमीनमालक ह्यांच्याशी होणाऱ्या व्यवहारात त्याचे संरक्षण व्हावे. एकच गोष्ट एकवीस वर्षांच्या अंतराने पुन्हा सांगावी लागते, ह्याचा अर्थ मधल्या काळात ती पुरेशी झाली नव्हती.

असे का झाले असावे? पहिले कारण असे की शाळेचा पैसा खेड्यातून येत असला तरी अभ्यासक्रम वरच्या शाळेकडे पाहून आखला जात होता. मराठी इयत्ता पुऱ्या करणे हा इंग्रजी शाळेचा किंवा लहानशा सरकारी नोकरीचा मार्ग होता, आणि ज्या थोड्या कुटुंबांना तो मोकळा होता त्यांच्या गरजा इयत्तांत उतरल्या. दुसरे कारण तपासणीच्या पद्धतीत होते. १८६५ पासून इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत आली. ती मुख्यतः खाजगी शाळांसाठी असली तरी, जे मोजता येते तेच शिकवावे ही वृत्ती तिने दृढ केली. त्रैराशिकाचे उत्तर बरोबर की चूक, हे निरीक्षक क्षणात ठरवू शकतो. विद्यार्थ्याला गावातील खरे खत वाचता येते की नाही, हे पाहण्यास वेळ व मोडीची चांगली जाण लागते. तिसरे कारण लिपीचे. मोडी शाळेतून गेली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शिकवली जात होती. परंतु छापील पुस्तकांचे, आणि म्हणून ज्ञानाचे, माध्यम बालबोध ठरले. मेजर कँडी ह्यांच्यासारख्यांनी घडवलेले प्रमाण गद्यही बालबोधातलेच. दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतून शाळा सोडणाऱ्या मुलाला छापील धडा अडखळत वाचता येई. चोपडीतील घाईचे, जोडून लिहिलेले वळण त्याच्या आवाक्याबाहेर राही. आणि शेतकऱ्यांची बहुतेक मुले त्याच इयत्तांतून शाळा सोडीत.

६

१९०४ सालीच सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पतसंस्थेत चोपडी सावकाराच्या घरून सभासदांच्या सभेत आली आणि ‘पत’ हा अब्रूवाचक शब्द ‘पतपेढी’ ह्या नव्या सामासिक शब्दात संस्थावाचक झाला. सभासदांना व चिटणिसांना हिशेब शिकवण्याचे काम १९१८ साली मुंबईत स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने हाती घेतले. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात शिक्षणनिधीसाठी संस्थांनी वर्गणी द्यावी अशी तरतूद झाली. येथेही खर्च शिकणाऱ्यांच्याच पैशातून होता, परंतु शिकवला जाणारा हिशेब हा त्यांच्याच चोपडीचा होता. उपकराची शाळा आणि सहकाराचा वर्ग ह्यांतील महत्त्वाचा फरक हाच.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. शाळेतील दशांश अपूर्णांक आणि बाजारातील नाणे ह्यांची त्या दिवशी प्रथमच गाठ पडली. त्याबरोबर पावकीपासून औटकीपर्यंतच्या पाढ्यांचे प्रयोजन सरले. त्याच सुमारास मोडीही अभ्यासक्रमातून मावळली. शाळा व व्यवहार ह्यांतील जुने अंतर अशा रीतीने मिटले खरे, परंतु जमीन गहाण ठेवण्याचा, विम्याचा किंवा बँकेच्या कर्जाचा कागद आता पुष्कळदा इंग्रजीत येऊ लागला. मोडीची जागा दुसऱ्या एका न वाचता येणाऱ्या वळणाने घेतली.

७

२०१३ साली आर्थिक शिक्षणाचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध झाले आणि वित्तक्षेत्रातील नियामक संस्थांनी मिळून राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र उभे केले. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने ठेवीदारांचे शिक्षण व जागृती ह्यांसाठी निधी स्थापला. बँकांत दहा वर्षे कोणी हक्क न सांगितलेल्या ठेवी त्यात जमा होतात. उपकराचा इतिहास माहीत असलेल्याला येथे थबकावे लागते. १८६३ साली ज्यांना बहुधा शाळा मिळणार नव्हती त्यांच्या साऱ्यातून शाळा चालली. आता ज्यांना आपली ठेव आठवली नाही किंवा ज्यांच्या वारसांना ती कळलीच नाही, त्यांच्या पैशाला ठेवीदारांच्या शिक्षणाचे नाव दिले गेले आहे. दोन्ही व्यवस्थांचे कायदेशीर स्वरूप अगदी वेगळे आहे: उपकर सक्तीचा होता आणि ठेवीवरील मालकाचा हक्क आजही शाबूत राहतो. परंतु पैसा कोणाचा आणि शिक्षण कोणाला, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच विचारता येतो.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे पडलेले दिसते. महाराष्ट्रात २०१७ व २०१८ साली निघालेल्या नववी व दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आले; आयकर, वस्तू व सेवा कर, शेअर ह्यांबरोबर कराच्या बिलाचा नमुनाही विद्यार्थ्यासमोर ठेवला गेला. प्रत्यक्ष वापरातला कागद धड्यात येणे, ही गोष्ट १८८२ सालापासून मागितली जात होती. आता कर्जाचा करार, बँकेच्या खात्याचा उतारा आणि विम्याचे अटीपत्र ह्यांचेही नमुने मराठी अर्थासह वर्गात आणणे शक्य आहे. त्यासाठी लागणारा परिभाषाकोश तयार करणे हे भाषाविभागांचे काम आहे, आणि ते केवळ गणितशिक्षकांवर सोडणे योग्य होणार नाही.

ह्या विवेचनावरून एवढे म्हणावयास हरकत नाही की हिशेबाच्या शिक्षणावर सरकारने किती खर्च केला, ह्यावरून त्या शिक्षणाचे मोल ठरत नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलापुढे त्याच्या स्वतःच्या घरातील कर्जाचा कागद ठेवावा आणि त्यातील मुद्दल, व्याज व मुदत त्याला दाखवावयास सांगावे. मुंबई इलाख्यातील शेतकऱ्याच्या चार आण्यांना ही कसोटी कधी लावली गेली नाही. आजच्या निधींना ती लावणे अवघड नाही, आणि तिचे निकाल जिल्हावार प्रसिद्ध झाले तर पुढील संशोधकाला आपल्यापेक्षा अधिक निश्चित बोलता येईल.